नाहीचा बाण

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसातली मीटिंगची खोली एका कोपऱ्यावर उभी राहिली, तेव्हा ऊर्मिला बागूल आत होती. खोली पडली नाही की हलली नाही. नुसती शंकरपाळ्यासारखी उभी राहिली. एक कोपरा वर, एक खाली, दोन बाजूंना दोन. ऊर्मिला खालच्या कोपऱ्यात बेदाण्याच्या खोक्याचं डिझाइन मांडीवर घेऊन बसली होती. काचेतून तिनं मला हात केला, मीही केला. तेव्हा आम्हा दोघींना वाटलं होतं, चहापर्यंत सुटेल काहीतरी.

काय झालंय ते मला लगेच कळलं, कारण तो फ्लोचार्ट मीच काढला होता.

आमचं ऑफिस छोटं आहे. नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या एका गल्लीत, खाली चष्म्याचं दुकान आणि वर आम्ही चौघं. क्षेमकल्याणी सर मालक. ऊर्मिला आणि मी डिझाइन करतो. आहेर कॉम्प्युटरचं सगळं पाहतो आणि उरलेल्या वेळात मतं देतो. खोकी, पिशव्या, लेबलं, जे येईल ते आम्ही करतो आणि आमचं बरं चाललं होतं. पण सर कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आले आणि म्हणाले, "ज्या डिझाइनवाल्यांची प्रक्रिया भिंतीवर नाही, त्यांना कोणी विचारत नाही." मग मी शनिवार-रविवार घालवून, एका सॉफ्टवेअरची फुकटची मुदत चालू होती त्यात, आमच्या कामाचा फ्लोचार्ट काढला. काम आलं, चर्चा, आराखडा, क्लायंटला आवडलं का, बिल, घरी जा. आहेरनं तो भिंतभर छापून आणला. सोमवारी सकाळी सरांनी शेवटचा कोपरा तळहातानं दाबून चिकटवला आणि ऑफिस त्याबरहुकूम चालू लागलं.

म्हणजे बाण होता तिकडेच जाता येई, नव्हता तिकडे पाय उचलत नसे. बाथरूम दाखवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं, ते चर्चा आणि आराखडा यांच्यामध्ये आलं. त्यामुळे तिकडे जायचं तर आधी आहेरशी चर्चा करावी लागे. मी सकाळपासून दोनदा त्याच्याशी मराठी अक्षरांच्या वेलांट्यांवर बोलून बाथरूमला गेले होते. घरी जाण्याचा रस्ता बिलानंतर होता आणि बिल आमच्या बेदाणेवाल्या क्लायंटच्या, पारखशेठच्या होकारानंतर. सर तेवढे मोकळे होते. त्यांनी स्वतःसाठी वरच्या बाजूला 'मार्गदर्शन' अशी एक चौकट काढून घेतली होती आणि तिथून सगळीकडे तुटक रेघा सोडायला लावल्या होत्या.

शंकरपाळं होतं ते 'क्लायंटला आवडलं का' या प्रश्नाचं. मी आधी त्याला दोन बाण काढले होते, एक हो आणि एक नाही, जसे जगात सगळीकडे असतात. सरांनी रविवारी ते पाहून चष्मा कपाळावर चढवला.

"नाही असं कोणी म्हणतं का गं आपल्यात?"

ते खरं होतं. पारखशेठ आम्हाला कधी नाही म्हणालेले नाहीत, ते बघू म्हणतात. नळ गळतोय असं घरमालकाला सांगितलं की तो बघू म्हणतो. माझ्या थोरल्या बहिणीला पाहून गेलेली एक मंडळी बघू म्हणून गेली होती. तिचं लग्न दुसरीकडे होऊन तिची मुलगी आता कॉलेजात आहे, तरी त्यांचं बघून झालेलं नाही. सर रविवारी येशील का विचारतात तेव्हा मीसुद्धा बघू म्हणते आणि रविवारी येते. त्या रविवारीही मी ऑफिसातच बसले होते.

"मग जे होतं ते दाखव," सर म्हणाले. "हो आणि बघू."

"बघूचा बाण कुठं न्यायचा?"

"परत तिथंच. परत विचारायचं. चिकाटी दिसते त्यातून."

मी बघूचा बाण शंकरपाळ्यातून बाहेर काढला, तीन वेळा वळवला आणि वरच्या कोपऱ्यातून पुन्हा आत घातला. दिसायला तो छान दिसत होता.

ऊर्मिलानं सकाळी आत जाऊन पारखशेठना फोन लावला. त्यांनी फोनच्या पडद्यावर खोकं पाहिलं आणि ते बघू म्हणाले. ऊर्मिला डाव्या हाताचं दार उघडून बाहेर पडली, तीन वळणांच्या बोळातून चालत गेली आणि वरच्या कोपऱ्यातून घसरत पुन्हा खोलीत आली. तिनं पुन्हा फोन लावला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या ड्रेसला मागून चुन्याचा पट्टा उमटला होता. पारखशेठ मात्र अजिबात चिडत नव्हते. "बघू की, घाई काय आहे," ते प्रत्येक वेळी प्रेमानं म्हणत होते.

घाई मैथिलीची होती. ऊर्मिलाची मुलगी, तीन वर्षांची, मागच्या गल्लीत कुलथे काकूंच्या पाळणाघरात असते. आमच्या कोपऱ्यावरच्या खिडकीतून समोरचा रस्ताही दिसतो आणि त्यांचं फाटकही. ऊर्मिलाचा नवरा जहाजावर असतो. कुलथे काकू मूल आईच्याच हातात देतात, एकदा एका सख्ख्या आजोबांनाही त्यांनी फाटकावरून परत पाठवलं होतं. आणि दिवेलागणीला त्या कुलूप लावतात. कुलूप लागल्यावर आत उरलेलं मूल भिंतीवरच्या चित्रात जाऊन बसतं. तिथे बदकं रंगवलेली आहेत, आणि बदकांच्या मध्ये आधीच दोन मुलं आहेत. त्यातल्या एकाची आई दर शनिवारी ओलं फडकं घेऊन येते आणि त्याचं तोंड हळूच पुसून जाते. यात काकूंचा दोष नाही, त्यांनी पाटीवर लिहून ठेवलेलं आहे.

"सर, नाहीचा एक बाण काढते," मी म्हणाले. "म्हणजे ऊर्मिला सुटेल."

"काढ की. मी कुठं नको म्हणतोय?"

मी कॉम्प्युटर उघडला. फुकटची मुदत रविवारी संपली होती. फाइल उघडेना. पडद्यावर फक्त आभार मानले होते.

"चार्ट काढायचं दुसरं साधन बघावं लागेल," आहेर म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. घोडं तिथंच अडणार हे मला त्याच क्षणी कळलं.

"कशाला? मी भिंतीवर पेनानं काढते. एक रेघ तर आहे."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चपला घालून देवघरात शिरले. सर हळू आवाजात बोलले, जसे ते नवीन माणसांशी बोलतात.

"सुचेता, हा डिझाइनवाल्यांचा फ्लोचार्ट आहे. क्लायंट येतात, बघतात. आकर्षक नको का?"

मीटिंगची खोली अडलेली होती, म्हणून आम्ही माझ्या टेबलाशी बसलो. आहेरनं भिंतीचा फोटो काढला आणि तो एकेका साधनात घालून पाहू लागला. साधन चार्टला जे करी ते भिंतीवर होई, आणि भिंतीवर होई ते ऑफिसात.

पहिल्या साधनात सगळे कोपरे गोल होते. शंकरपाळ्याची टोकं गेली आणि ऊर्मिलाला टेकायला कोपरा उरला नाही. ती घमेल्यात ठेवल्यासारखी मधोमध घसरत राहिली, उठायला गेली की पुन्हा बसत होती.

"सुबक आहे," सर म्हणाले. "पण जरा लहान मुलांचं वाटतं."

दुसऱ्या साधनात प्रत्येक चौकटीच्या मागे सावली पडत होती. आहेरला ते फार आवडलं, चौकटी कागदावरून उचलल्यासारख्या दिसतात म्हणाला. खोलीच्या मागे दाट सावली पडली आणि ऊर्मिलाला भर दुपारी अंधार झाला. ती काचेशी येऊन दोन्ही हातांनी वाजवू लागली.

"सुचेता, अगं दिवे लागले का? किती वाजले?"

"नाही गं, दुपार आहे अजून. सावली आहे ती."

"कसली सावली?"

"डिझाइनची," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

आहेर सावली काढायला गेला आणि त्याच्या हातून, मी चर्चेच्या चौकटीला जोडलेला चहाचा बाण पुसला गेला. चहा तेव्हा जिन्यात होता. तो जिन्यातच राहिला, ट्रे हवेत, कपांतून वाफ निघते आहे, ना वर येतो ना खाली जातो. आम्ही तिघांनी दारातून वाकून पाहिला. आहेरनं बाण पुन्हा काढला, पण नवा बाण नव्या चहाचा होता. जुना आहे तिथेच आहे.

"याचा अर्थ पुसताना जपलं पाहिजे," सर म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

तिसऱ्या साधनात तयार नमुने होते, फिके पिस्ता आणि फिके गुलाबी. त्यात माणसंही तयार मिळत होती, पण त्यांना नाक-डोळे नव्हते. मी काचेकडे पाहिलं तर ऊर्मिलाच्या ड्रेसचा रंग पिस्ता झाला होता, आणि चेहरा नव्हता. त्या गुळगुळीत जागेतून तिचा आवाज येत होता, पारखशेठना ती अजून अदबीनं विचारत होती.

"काढ ते," मी आहेरला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता काढ."

"मॅडम, पण स्वच्छ दिसतंय."

"काढ म्हणते ना!"

त्यानं काढलं. ऊर्मिलाचा चेहरा परत आला, जरा उशिरानं, आधी कपाळ आणि मग बाकीचं. सरांनी माझ्याकडे पाहून पाण्याची बाटली पुढे सरकवली. ते सभ्य गृहस्थ आहेत, मोठ्यानं बोलणं त्यांना सहन होत नाही.

चौथं साधन हातानं काढल्यासारख्या रेघा देत होतं. शंकरपाळ्याच्या भिंती थरथरायला लागल्या आणि छताचा चुना ऊर्मिलाच्या केसांत पडू लागला.

"यात माणसाचा स्पर्श आहे," आहेर म्हणाला.

"माणूसच आहे आत," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. मला हसवायचंही नव्हतं. ऊन खिडकीतून माझ्या टेबलावर आलं होतं आणि टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं होतं. नमनालाच घडाभर तेल जळालं होतं आणि नाहीच्या बाणाचा अजून कोणी विषयही काढला नव्हता. तो मी काढला, तर सरांना वेगळीच शंका आली.

"नाही हा शब्द जरा बोचतो गं. 'तूर्तास नको' असं लिहिलं तर?"

"'पुढे पाहू' कसं वाटतं?" आहेर म्हणाला.

"पुढे पाहू म्हणजे बघूच झालं ना!" मी कपाळावर हात मारून घेतला. "ती पुन्हा फिरेल!"

"चिडू नको. मुळात आपण चुकतोय कुठे, तर साधन निवडायची आपली काही पद्धत नाही," सर म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम शांत झाला, उत्तर सापडल्यावर होतो तसा. "सुचेता, तू आधी त्याचा एक फ्लोचार्ट कर. साधन कसं निवडावं याचा."

"कशात करू?"

"ते आधी ठरवू."

हे त्यांनी नुसतं तोंडानं सांगितलं, पण माझ्या खुर्चीभोवती जमिनीवर चार पुसट रेघा उमटल्या. मी पाय बाहेर टाकून पाहिला. पाय जात होता, पण काटकोनातच. डावीकडे दोन पावलं, मग सरळ. तिरकं जायला गेलं की गुडघा वाकत नव्हता. आहेर साधनांची नावं मोठ्यानं वाचत होता आणि प्रत्येक नावाला रेघा थोड्या आत सरकत होत्या. खुर्चीचे चारही पाय रेघांना टेकले तेव्हा माझा फोन वाजला.

"कुलथे काकू बोलतेय. ऊर्मिला फोन उचलत नाहीये. येतेय ना ती?"

"निघतच आहे, काकू."

"बघा बाई. बाकीची सगळी गेली. मैथिलीला बिस्कीट दिलं, खात नाहीये. बदकांसमोर जाऊन बसलीये आणि त्यांना आपलं नाव सांगतेय."

"तिला उचलून घ्या, काकू. भिंतीकडे पाठ करून बसवा."

"बसवलं होतं. पुन्हा वळते. मी आता निरांजन लावायला घेते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग मला राग आला. आतापर्यंतचा होता तो नुसता वैताग होता. मी केसांत खोचलेली पेन्सिल ओढून काढली. केस तोंडावर आले, येऊ दिले. डावीकडे दोन पावलं, सरळ चार, उजवीकडे एक, अशी काटकोनात चालत मी भिंतीशी गेले. मागून सर म्हणाले, "अगं, छापील आहे ते," आणि आहेर म्हणाला, "मॅडम, निदान पट्टी तरी घ्या."

मी पट्टी घेतली नाही. शंकरपाळ्याच्या खालच्या कोपऱ्याला पेन्सिल टेकवली आणि रेघ ओढली. ती वाकडी आली. मध्ये कागदाला फुगा होता तिथे ती तुटता तुटता राहिली. रेघेच्या वर मी लिहिलं, नाही. शाळेत पाटीवर लिहायचे तसं मोठं लिहिलं.

"पण नाहीनंतर काय?" सर म्हणाले. "बाण कुठंतरी पोचायला हवा ना?"

ते मलाही माहीत नव्हतं. आमच्यापैकी कोणी तिथपर्यंत गेलेलंच नव्हतं. मी रेघ कागदाच्या कडेपर्यंत नेली. कडेला जिन्याचं दार होतं आणि पुढे कागद नव्हता.

मीटिंगच्या खोलीचा खालचा कोपरा उकलला आणि ऊर्मिला बाहेर आली. चुन्यानं पांढरी झालेली, हातात अजून ते खोकं. तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि भिंतीच्या कडेनं, जमिनीवरही उमटलेल्या त्या वाकड्या रेघेवरून पाय टाकत दारापर्यंत गेली. तिथे थांबली. एक पाय उचललेला होता आणि ठेवायला रेघ नव्हती.

"सुचेता, पुढं काही नाहीये गं."

मी तिच्या हातात पेन्सिल दिली.

"काढत जा आणि चालत जा. थांबू नको."

तिनं वाकून उंबऱ्यावर रेघ ओढली आणि तिच्यावर पाऊल ठेवलं. मग पहिल्या पायरीवर. हवेतल्या चहाला वळसा घालून ती खाली गेली. पेन्सिलीचा आवाज दगडी पायऱ्यांवरून बराच वेळ ऐकू येत होता. मी खिडकीशी गेले. ती चष्म्याच्या दुकानासमोर रस्त्यावर आली, वाकलेली, एक हात जमिनीला, आणि स्कूटरवाले तिला बाजू देत होते. तिच्यामागे रेघ होती. ती जिन्यातून वर येऊन आमच्या भिंतीपर्यंत पोचत होती.

मला रडू येईल असं वाटलं. बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

"सुटली बिचारी," सर म्हणाले. ते खरंच आनंदले होते. "चांगलं केलंस. आता उद्या निवांतपणे हाच बाण एखाद्या चांगल्या साधनात काढू." मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. वाकड्या रेघेकडे, माझ्या अक्षराकडे. त्यांच्या जिवाला ते लागत होतं हे दिसत होतं. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि तो नाहीच्या शेजारी धरला.

"पेन्सिलच आहे ना? डाग राहायच्या आत काढलेलं बरं. पुसू?"

जिन्यातल्या चहातून वाफ निघत होती. खिडकीबाहेर ऊर्मिला मागच्या गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. फाटक अजून पुढे होतं.

एक शब्द पुरे होता. तो समोर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता, फक्त वाचून दाखवायचा होता. सर भुवया उंचावून, मान किंचित कलती करून उत्तराची वाट पाहत होते, जसे ते प्रत्येक रविवारच्या आधी पाहतात. माझी जीभ दातांमागे जाऊन टेकली. मी तोंड उघडलं.

"बघू," मी म्हणाले.

जमिनीवरच्या चार पुसट रेघा काळ्या झाल्या. डावीकडून जमीन उचलली गेली, चारी बाजूंनी काच आली आणि मी खालच्या कोपऱ्यात घसरले.

"बरं," सर म्हणाले आणि रुमाल तसाच धरून थांबले. विचारल्याशिवाय ते काही करत नाहीत. मी केसांत हात घातला. पेन्सिल नव्हती. हाताला लागलं ते दार उघडून मी बोळात गेले, तीन वळणं घेतली आणि वरच्या कोपऱ्यातून घसरत पुन्हा खाली आले.

"पुसू?" सर म्हणाले.

काचेपलीकडे खिडकी होती आणि खिडकीत मागची गल्ली. पाळणाघरातला दिवा लागला होता. कुलथे काकू कुलूप हातात घेऊन फाटकाशी आल्या होत्या. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर ऊर्मिला वाकून रेघ ओढत होती आणि मागे वळून पाहत नव्हती. भिंतीपाशी रुमालाच्या टोकाला एक थेंब जमला, लांबला, सुटला आणि नाहीच्या पहिल्या अक्षरावरून खाली ओघळू लागला.